घडीचे नकाशे

पालिकेच्या इमारतीत जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या तळघरात असायच्या. खाली उतरायला सतरा पायऱ्या, त्यातली अकरावी मोडकी. नवखा माणूस तिथं हमखास अडखळायचा, आणि आत टेबलापाशी बसलेली मावशी मान वर न करता म्हणायची, "या. भिंतीला धरून या."

मावशी कुणाचीच मावशी नव्हती. तिचा नवरा याच पालिकेच्या पाणी खात्यात होता. नळासाठी खणलेल्या चराची कड ढासळली आणि तो आत गाडला गेला. त्याच्या जागी तिला शिपाई म्हणून घेतलं, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. सासरचं माणूस म्हणून उरली होती ती एक थोरली नणंद, नवऱ्यानं टाकून दिलेली. दोन खोल्यांत त्या दोघी एकतीस वर्षं राहिल्या. इतक्या भांडल्या, की पुढे पुढे भांडण झालं नाही तर दोघींना जेवण जाईना.

शिपाई म्हणून आलेल्या मावशीला तळघरात पाठवलं, ती तशी शिक्षाच. तिथं उंदीर, ओल आणि धूळ. पण ती रमली. पाच-सहा वर्षांत तिला असं झालं, की वरून कारकून नुसतं साल ओरडायचा आणि ही डोळे मिटून कपाटापाशी जायची. तिला अभिलेखपाल म्हणू लागले. कागदावर मात्र ती शिपाईच राहिली. तिच्या हातून गेलेल्या हजारो दाखल्यांपैकी एकावरही तिची सही नव्हती. सही साहेबाची.

त्या सगळ्या वह्यांत सव्वीस वह्या तिला जवळच्या होत्या. गावाबाहेर पालिकेची लहान मुलांची दफनभूमी होती. वर्षाच्या आतली मुलं तिथं पुरायचे. जागा अपुरी, म्हणून दगड लावायची परवानगी नव्हती. तिथला खड्डे खणणारा म्हातारा फारसा शिकलेला नव्हता. आकडे तेवढे यायचे. पण महिना संपला की तो एका मोठ्या कागदावर नकाशा काढायचा. इथं भिंत, इथं हातपंप, हे वाकडं झाड. भिंतीपासून इतकी पावलं, पंपापासून इतकी पावलं, आणि तिथं एक फुली. फुलीशेजारी वहीतला नंबर. पुढच्या सोमवारी तो कागद घेऊन तळघरात यायचा. मावशी कागदाची चौघडी घालायची आणि वहीच्या पानाला डिंकानं चिकटवायची.

"नीट लाव हं," म्हातारा म्हणायचा. "आया येतात. कुणी वर्षानं येते, कुणी दहा वर्षांनी. आली की बोट ठेवून सांगता आलं पाहिजे, बाई, हे तुझं."

आणि खरंच यायच्या. मावशी घडी उघडायची, पावलं मोजून एका चिठ्ठीवर लिहून द्यायची. काही जणी चिठ्ठी घेऊन दफनभूमीत जायच्या, काहींना नुसता तो कागदच बघायचा असायचा. म्हातारा गेल्यावर त्याच्यामागून आलेल्यांनीही रीत मोडली नाही. बारा वर्षांपूर्वी ती दफनभूमी भरली म्हणून बंद झाली, तोवर सव्वीस वर्षांच्या सव्वीस वह्या आणि त्यांत तीनशे बारा नकाशे जमले होते.

मावशीच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना वरून हुकूम आला, की सगळं दप्तर संगणकात घ्यायचं. ठेकेदाराची माणसं आली. सभागृहातल्या खुर्च्या हलवून तिथं चार स्कॅनर मांडले, आणि कोपऱ्यात वह्यांच्या पाठी कापायचं मशीन. वही त्यात घालायची, दांडा दाबायचा, की शिवण सुटून पानं मोकळी. स्कॅन झाली की गठ्ठे बांधून परत तळघरात. पहिली वही कापली तेव्हा मावशी दाराशी उभी होती. तिला काही फार वाईट वाटलं असं नाही. ओलीनं वह्या कुजत होत्याच. शिवाय महिन्याभरात तिनं स्वतः पाहिलं, की ज्या दाखल्याला चार दिवस लागायचे तो चार मिनिटांत मिळतोय. घरी जाऊन तिनं नणंदेला सांगितलंही, "वन्सं, जादू आहे हो. नाव टाकलं की माणूस पुढ्यात."

"मग आता तुझं काय काम?" नणंद म्हणाली.

"वह्या मी काढून दिल्याशिवाय त्यांना सापडतात होय?"

गोंधळ तिसऱ्या महिन्यात लक्षात आला. दफनभूमीच्या वह्यांचं काम सुरू होतं आणि मावशी सहज एका पडद्यासमोर उभी राहिली. नोंदीचं पान स्वच्छ दिसत होतं. नंबर, तारीख, बापाचं नाव, आईचं नाव, वय. पुढच्या पानावर नुसता पिवळट चौकोन होता, त्यावर डिंकाचा डाग. तिला समजायला वेळ लागला. तो नकाशा होता. घडी न उघडताच स्कॅन केलेला.

ती सुपरवायझरकडे गेली. हा माणूस वाईट नव्हता. दिवसभर उभं राहून त्याची कंबर धरायची, कमरेला पट्टा बांधून फिरायचा.

"अहो, घडी उघडायला हवी ना. आत नकाशा आहे."

"माहितेय मावशी. पण तो कागद मोठा आहे, आमच्या मशीनच्या तोंडात जात नाही. त्याला वेगळं मशीन लागतं. आणि घडी उघडायला गेलं की तुकडे पडतायत. दिवसाला पानं किती व्हायला पाहिजेत ते वरून ठरलंय, माझ्या हातात काही नाही."

"मग ते तसंच राहणार?"

"मॅडमशी बोला."

मॅडम म्हणजे विभागाच्या प्रमुख. नव्या आलेल्या, हुशार, सदान्‌कदा घाईत. त्यांनी मावशीचं ऐकून घेतलं, वहीत टिपूनही घेतलं. "दुसऱ्या टप्प्यात घेऊ," म्हणाल्या. "मोठे कागद, नकाशे, सगळं दुसऱ्या टप्प्यात. मूळ वह्या वर्षभर ठेवायच्याच आहेत."

वर्षभर हातात आहे म्हटल्यावर मावशीचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं. एकतीस वर्षांत त्या केबिनमध्ये ती पहिल्यांदा बसली. समोर छापील कागद होता. 'सर्व अभिलेख मूळ प्रतीशी ताडून पाहिले असता शंभर टक्के बरोबर आढळले.' खाली रेघ, आणि रेघेखाली छापलेलं: तपासणी अधिकारी.

"हे मी?" मावशीनं विचारलं.

"तुमच्याइतकं दप्तर कुणाला माहीत आहे? पंधरा तारखेला वरची माणसं येतायत. त्याआधी हे लागणार."

"पण मॅडम, ते नकाशे..."

"ते दुसऱ्या टप्प्यात. सांगितलं ना."

मावशीनं पहिल्या बारा वह्या पानन्‌पान ताडून पाहिल्या होत्या. उरलेल्या हजारभर वह्या तिनं ताडल्याच नव्हत्या. आणि ते नकाशे नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिनं सही केली. पुढे चौकशीत तिला विचारलं, की तुमच्यावर कुणी दबाव आणला का. ती नाही म्हणाली, आणि ते खरंच होतं. मॅडमनी आवाजसुद्धा चढवला नव्हता. कुणीतरी आपली सही मागतंय, सहीखाली अधिकारी असं छापलंय, याचं तिला बरं वाटलं होतं. त्या संध्याकाळी घरी जाताना ती नेहमीपेक्षा ताठ चालली. एवढंच.

तीन आठवड्यांनी सकाळी ती कामावर आली तर तळघराचं दार सताड उघडं. कपाटं रिकामी. मागच्या फाटकातून आदल्या दुपारी ट्रक गेला होता. ती त्या दुपारी नणंदेला घेऊन दवाखान्यात गेली होती. तळघर नव्या सर्व्हरच्या खोलीसाठी हवं होतं, तपासणीचं प्रमाणपत्र आलेलंच होतं, मग वह्या ठेवायच्या कशाला, असं वर कुणीतरी ठरवलं. कागद लगद्याच्या कारखान्यात गेले. मॅडमनाही आधी माहीत नव्हतं. त्यांनी दोन-तीन फोन केले, मग फोन खाली ठेवून म्हणाल्या, "मावशी, उशीर झाला."

पण दिवस गेले, कुणी विचारायला आलं नाही, आणि माणूस जसं करतो तसं तिनंही मनाला समजावलं. बंद पडलेली दफनभूमी. कोण येणार आता?

पावसाळा संपला आणि पालिकेनं नोटीस लावली. दफनभूमीच्या जागेवर पाण्याची मोठी टाकी व्हायची होती. सहा आठवड्यांत खोदाई सुरू होणार. ज्यांच्याकडे नेमक्या जागेची नोंद असेल, त्यांच्या मुलाचे अवशेष नव्या दफनभूमीत स्वतंत्र जागी हलवले जातील, दगड लावायचीही परवानगी मिळेल.

नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, कार्यालय उघडताच, एक बाई आली. शाळेत घंटा द्यायचं काम करून नुकतीच निवृत्त झालेली. वय मावशीएवढंच. साडी कडक, हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली जुनी पावती. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. नंबर दोनशे सतरा. वय चार दिवस, मुलगी.

कारकुनानं नंबर टाकला. नोंद लगेच आली. "हे बघा. आई, बाप, तारीख, सगळं आहे."

"जागा?" घंटावाल्या बाईनं विचारलं.

पडद्यावर पिवळट चौकोन आला. कारकून मागे वळून मावशीकडे बघायला लागला.

"मला माहीत आहे, इथं नकाशा असतो," बाई म्हणाली. "मी एकदा आले होते. तुम्हीच दाखवला होतात. नंतर यांची बदली झाली, आम्ही लांब गेलो. पुढच्या मुलांना मी सांगितलंच नाही कधी. आता विचार केला, हिला दगड तरी लावू."

मावशी म्हणाली, "उद्या या. शोधते."

ती गेल्यावर कारकून खुर्ची ओढून जवळ आला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "मावशी, जा तिच्याबरोबर आणि ठेवा कुठंही बोट. चार दिवसांचं मूल, अठ्ठावीस वर्षं झाली. तिथं काय उरलं असणार? तिला काय कळतंय? समाधान तरी होईल."

दुसऱ्या दिवशी मावशी तिला घेऊन दफनभूमीवर गेली. भिंत पडलेली होती, तिच्या जागी तारेचं कुंपण, तेही सरकवलेलं. वाकडं झाड नव्हतं. हातपंपाचा नुसता गंजका पाइप उभा होता. गुडघाभर गवत. घंटावाल्या बाईनं फाटकापाशी चपला काढल्या आणि मावशीच्या मागोमाग अनवाणी चालू लागली. मावशी पावलं मोजल्यासारखं करत पंपापासून निघाली. सतरा, अठरा, एकोणीस. थांबली.

"इथं," ती म्हणाली.

बाई खाली बसली. तिनं दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं आणि मातीवर तळवा ठेवला. मग हळूच म्हणाली, "मला वाटत होतं, भिंतीच्या जवळ. मला आठवतंय, यांनी तिला खाली ठेवली तेव्हा तिच्यावर भिंतीची सावली होती. म्हणून मी यांना म्हटलं होतं, ऊन लागायचं नाही." तिनं मावशीकडे पाहिलं. "पण तुम्ही नकाशा बघितलाय. माझंच चुकत असेल."

मावशी उभ्या उभ्या म्हणाली, "नाही बघितला. नकाशा नाही."

"म्हणजे?"

"वह्या गेल्या. लगद्याला. नकाशे संगणकात घेतलेच नव्हते. मला माहीत होतं, तरी सगळं तपासलं म्हणून मी सही केली. ही जागा... मी मनानं सांगितली."

बाईचा तळवा मातीवरच होता.

"मगाशी इथं म्हणालात."

"खोटं बोलले."

वारा सुटला होता, गवत हलत होतं. रस्त्यावरून एक मोटार गेली.

"इथं कुणीतरी असेलच ना," बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "कुणाचं तरी. मी हात ठेवला, लेकीला बोलावं तसं मनात बोलले. आता हात काढून उठायचं कसं, ते सांगा."

मावशीनं आधार द्यायला हात पुढे केला. बाईनं तो घेतला नाही. ती आपली आपण उठली, फाटकाशी जाऊन चपला घातल्या आणि निघून गेली. मावशी एकटी चालत परत आली.

त्या रात्रीच्या जेवणाला तिनं हात लावला नाही. नणंदेनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट उचलून बाजूला ठेवलं आणि समोर बसली. "काय केलंस?"

मावशीनं सगळं सांगितलं. नणंद जिभेची तिखट. एरवी तिनं एवढ्यावर तासभर सुनावलं असतं. ती इतकंच म्हणाली, "किती मुलं?"

"तीन हजारांच्या आसपास."

"लिहून दे मग. लेखी. मी सांगते, तू लिही. तुझी भाषा अर्जाची नाही."

दोघींनी मिळून अर्ज लिहिला. मी अमुक तारखेला दिलेलं प्रमाणपत्र खरं नाही. तीनशे बारा नकाशे संगणकात घेतलेले नाहीत. खोदाई थांबवावी, जुन्या कामगारांना आणि आईबापांना बोलावून जमेल तेवढ्या जागा ठरवाव्यात. मावशीनं तो मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी वाचला, चष्मा काढून डोळे चोळले. "हे दिलंत तर पहिली तुम्हीच अडकाल," त्या म्हणाल्या. "आणि मीही." मग शिक्का मारून अर्ज घेतला. एवढं त्यांनी केलं.

उत्तर अकरा दिवसांत आलं. 'आपल्याच स्वाक्षरीचे प्रमाणपत्र अभिलेखावर असून त्यानुसार काम शंभर टक्के पूर्ण झालेले आहे. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' मावशीनं ते तीनदा वाचलं. तिच्या शब्दापेक्षा तिची सही मोठी ठरली होती.

नोटिशीमुळे लोक आता रोज यायला लागले. चौकशीच्या खिडकीवर बसायला कुणी तयार होईना. मावशीनं ते काम मागून घेतलं. तिला सांगायला सांगितलं होतं, की शोध सुरू आहे. ती तसं म्हणायची नाही. प्रत्येकाला ती सांगायची, "नकाशा नष्ट झालाय. न तपासता मी सही केली होती."

एका माणसानं खिडकीच्या गजावर डोकं टेकलं आणि तसाच उभा राहिला. एकीनं शिव्या दिल्या. एक नवराबायको आपसांतच भांडायला लागले, की आधीच यायला हवं होतं, मी म्हणत होते. एक जण म्हणाला, "हे लिहून द्या." तिनं कोरा कागद घेतला, तेच वाक्य लिहिलं, खाली सही केली. मग रांगेतल्या बाकीच्यांनीही मागितलं. सहा आठवड्यांत तिनं असे त्र्याहत्तर कागद दिले.

त्या कागदांवरून तक्रार झाली, तक्रारीवरून चौकशी. ठेकेदारानं प्रमाणपत्र पुढे केलं आणि हात झटकले. ट्रक कुणाच्या हुकमानं आला, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. तोंडी हुकूम होता. मॅडमची बदली झाली. चौकशी अधिकाऱ्यानं मावशीला विचारलं, "तुम्ही लोकांना लेखी का दिलंत? तोंडी सांगितलं असतं तर निभावलं असतं."

"त्यांनी मागितलं," मावशी म्हणाली.

ठपका तिच्या एकटीच्या नावावर आला. सेवापुस्तकात शेरा पडला: गंभीर हलगर्जी. तिनं वरती दाद मागितली नाही. नणंद म्हणत होती, माग, बाकीचे कसे सुटले ते विचार. मावशी म्हणाली, "वन्सं, शेरा खरा आहे. बाकीच्यांचा राहिला, त्याचं मी काय करू?"

चौकशी चालली तरी खोदाई काही थांबली नाही. ठरल्या दिवशी यंत्रं आली. मावशी रजा टाकून रोज तारेबाहेर उभी राहायची. तिच्यासारखेच दहा-पंधराजण असायचे, घंटावाली बाई तीन दिवस आली. कामगार जपून करत होते. काही सापडलं की यंत्र थांबवून हातानं उचलायचे, कापडात ठेवायचे. फार थोडं सापडलं. लहान मुलांचं फार काही राहत नाही, असं तिथला मुकादम म्हणाला. कापडं एका पेटीत गेली, पेटी नव्या दफनभूमीत एकाच खड्ड्यात. वर फलक लागला: 'बालके'. खाली साल. संगणकात सगळ्यांची नोंद होती, कुणाची मुलगी, कुणाचा मुलगा, किती दिवसांचा. नावं फलकावर घालावीत असा काहीजणांनी अर्ज केला होता. यादी छापून मिळाली, तीही चार मिनिटांत. पण तीन हजार ओळी मावतील एवढा फलक कुठून आणायचा, असं उत्तर आलं.

त्यानंतर पाच महिन्यांनी मावशी निवृत्त झाली. निरोपाला कुणी भाषण केलं नाही. कारकुनानं चहा सांगितला होता, तो सगळ्यांनी उभ्या उभ्या प्यायला.

पुढच्या वर्षी नणंदेच्या कानाला त्रास सुरू झाला. मावशी तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. बाकावर एकच जागा होती, तिथं नणंदेला बसवलं. शेजारची बाई सरकली आणि म्हणाली, "तुम्हीही बसा." ती घंटावाली बाई होती. दोघींनी एकमेकींना ओळखलं. मावशी बसली. तासभर त्या तिघी त्या बाकावर होत्या.

मधे एकदा बाईनं विचारलं, "नंबर कितवा चाललाय?"

"चौदा," मावशी म्हणाली.

"माझा एकोणीस." बाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि समोरच्या दाराकडे बघत राहिली.

नणंदेला ऐकू येत नव्हतं. ती मोठ्यानं विचारू लागली, "ओळखीच्या आहेत का गं?" मावशीनं तिच्या हातावर हात ठेवून तिला गप्प केलं. मग चौदावा बाहेर आला, आणि पंधराव्याला हाक मारली.